पोपटी की शेवाळी

यंदा पुन्हा नळाचं पाणी लांबलं. ‘तुमच्याकडं आलं का हो?’ हा प्रश्न गल्लीत दारोदार फिरायला लागला, तशी मी माळ्यावरचे निळे ड्रम खाली काढायला घेतले. हे खालून शिडी धरून उभे आणि ‘जपून, जपून’ एवढंच काम करत होते. एका ड्रमाच्या तळाशी प्लास्टिकचा डबा निघाला. त्यात थेंब थेंब पडणाऱ्या दोन औषधाच्या बाटल्या, आतून वाळून खडखडीत झालेल्या, एक काचेची नळी आणि रंगांचे चौकोन छापलेला एक कागद. पिवळा, पोपटी, हिरवा, असे ते चौकोन होते एके काळी. आता सगळे उडून एकाच फिकट रंगाचे झालेत. मी तशीच शिडीवर बसले.

‘काय सापडलं?’ ह्यांनी विचारलं. मी कागद खाली दिला. ह्यांनी तो दाराकडे नेला, उजेडात धरला, दुकानात ब्लाऊजपीस धरतात तसा, आणि म्हणाले, ‘आता तर काहीच कळत न्हाई ह्यातलं.’

‘तेव्हा तरी कुठं कळत होतं!’ मी म्हटलं.

तेव्हा म्हणजे लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. मांजरा धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि आम्ही सगळ्या देशाला टीव्हीवर दिसत होतो. ज्यांनी लग्नाला सुद्धा आहेर पाठवला नव्हता अशा नातेवाइकांचे फोन, ‘प्यायला तरी आहे का गं?’ आहे म्हटलं तर त्यांचा हिरमोड व्हायचा आणि नाही म्हटलं तर मला रडू यायचं. आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या पुढच्या खोलीत, स्टुलावर, काचेची एक भली मोठी पेटी पाण्यानं काठोकाठ भरलेली होती. तिच्यात चार मासे. तीन लाल, एक काळा.

आमच्या घरात मासे हीच मुळात गंमत. आम्ही लिंगायत. अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. आमच्या शिवानीनं, म्हणजे लेकीनं, दहावीच्या मार्कांच्या जोरावर हट्ट करून ती पेटी आणली, तेव्हा माझे सासरे अप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. ‘पूजेला जंगम घरी आले तर काय सांगू? लिंगायताच्या घरात मासे?’ शिवानी म्हणाली, ‘अप्पा, खायचे थोडेच आहेत, बघायचेत.’ अप्पा म्हणाले, ‘बघणारा एक दिवस खातो.’ पण पुढच्या खोलीतच अप्पांची खुर्ची, तिथंच त्यांची सकाळची लिंगपूजा, आणि समोर ती पेटी. किती दिवस तोंड फिरवणार माणूस? उदगीरकडचे आमचे अप्पा, मधूनच कानडी शब्द टाकायचे, माशाला मीनु म्हणायचे. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर पेटीत डोकावून म्हणत होते, ‘काय मीनु, जेवण झालं का?’ मी काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

मग बारावी झाली, शिवानीला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ॲडमिशन मिळाली आणि ती नांदेडच्या हॉस्टेलवर गेली. जाताना मासे माझ्या गळ्यात. पाणी तपासायचं तिनं मला शिकवलं. मासे त्याच पाण्यात खातात, त्याच पाण्यात घाण करतात, त्या घाणीचं विष होतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, ह्या बाटलीतले थेंब, मग त्या बाटलीतले, हलवायचं, थांबायचं आणि रंग कागदाशी जुळवायचा. पिवळा आला तर सगळं ठीक. जितका हिरवा तितकं वाईट. ‘एवढं तर येईल ना आई?’ म्हणाली. येईल की! आयुष्यभर मॅचिंगवाल्याशी संसार केलाय.

ह्यांचं गंजगोलाईजवळ मॅचिंगचं दुकान. साडीला मॅचिंग ब्लाऊजपीस, फॉल, अस्तर. तिथला नियम असा की ट्यूबलाइटखाली रंग ठरवायचा नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, साडी आणि कापड दोन्ही दारात न्यायचं, उन्हात धरायचं, मग कात्री लावायची. त्या वर्षी गिऱ्हाईक नव्हतंच. पाणी नाही म्हणून लोकांनी लग्नं पुढं ढकलली होती किंवा पाहुण्यांच्या गावाला नेली होती. त्यामुळं सगळी विद्या माशांच्या नळीवर आली. दर रविवारी आम्ही दोघं गॅलरीत, नळी उन्हात धरून.

‘पोपटी हाय,’ हे म्हणायचे.

‘अहो, शेवाळी आहे. नीट बघा.’

‘शेवाळी? मला शिकवतेस? शेवाळीत काळं असतं. हे कोवळं पोपटी हाय.’

‘मग कागदावर कुठं बसतं ते सांगा ना!’

हे कागद जवळ न्यायचे, लांब न्यायचे, चष्मा काढायचे, घालायचे. शेवटी कागदावरच घसरायचे. ‘ह्याची छपाईच चुकीची हाय. ह्या दोघांच्या मधल्या चार शेड कुठं गेल्या? असलं शेडकार्ड घेऊन कुणी दुकानात आला तर मी उभा करणार न्हाई त्याला.’ आणि आम्ही दोघं पुन्हा होतो तिथंच. मासे ठीक आहेत की मरायला टेकलेत, हे दोन म्हाताऱ्या होत आलेल्या माणसांना एका नळीवरून कळत नव्हतं.

हसण्यावारी नेता आलं असतं, पण तसं नव्हतं. शिवानीचं तिकडं काही मन लागत नव्हतं. पहिलंच वर्ष घराबाहेर. पोट सारखं बिघडलेलं, चेहरा उतरलेला. ‘मला इथलं पाणी मानवत नाही गं,’ म्हणायची. गोदावरीच्या काठावर राहून पाणी मानवत नाही! मी नांदेडजवळच्या अर्धापूरची, केळीच्या पाटात पाय सोडून वाढलेली. माझ्या माहेरच्या पाण्याला लेकीनं नावं ठेवलेली मला सोसायची नाहीत. पण दिवाळीला आली ती परत जाताना स्टँडवर अशी रडली की ह्यांनी तोंड वळवलं. रोज संध्याकाळी फोन करायची आणि हॅलो म्हणायच्या आधी विचारायची, ‘मासे कसे आहेत?’ एकदा ह्यांना म्हणाली, ‘पप्पा, ते आहेत म्हणून घर होतं तसंच आहे असं वाटतं मला. ते गेले ना, तर मी परत येणार. सांगून ठेवते.’ पोरकट बोलणं. पण तिच्या आवाजात पोरकटपणा नव्हता. तेव्हापासून आमच्या लेकीचं इंजिनिअर होणं त्या चार माशांच्या श्वासावर टांगलेलं होतं.

आणि पाणी तर रोज वेगळं! नळ बंद झाला तसं एकटं आमच्या बोअरचं उरलं, तेही पेटीच्या काचेवर पांढरी खपली धरणारं. मग बोअरची धार कमी झाली तसं टँकरचं, कुठल्या विहिरीचं ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. शिवानीनं बजावलं होतं, नवं पाणी एकदम घालायचं नाही, आदल्या दिवशी उघडं ठेवायचं आणि मग थोडं थोडं मिसळायचं. मी तसंच करायचे. लाइट गेली की हवेचा पंप बंद, मग मी पेल्यानं पाणी वर-खाली करत बसायचे. एक दिवस शेजारच्या शहनाजभाभी वाटीभर साखर मागायला आल्या आणि माझा तो उद्योग बघत उभ्या राहिल्या. ‘भाभी, तुमचे मासे तर नवाब हायत,’ म्हणाल्या. ‘आमची पोरं चार दिवसांतून एकदा न्हाऊन राहिली, अन् हे चोवीस तास डुंबून राहिले.’ त्या हसल्या, मीही हसले. पण त्या गेल्यावर मी जुन्या साडीचा पडदा शिवून पेटीवर टाकला. तहानलेल्या गावात एवढं पाणी माशांना ठेवणं बरोबर का? मला तेव्हा कळलं नाही. लेकीचा फोन आला की वाटायचं बरोबर, भाभींची पोरं दिसली की वाटायचं चूक. आजही कुणी विचारलं तर मी आधी विचारीन, कुठल्या वेळेला?

दुकानात रिकामे बसलेले लोक तेव्हा एकच विषय चघळायचे, उदगीरचा जिल्हा होणार की नाही. हे घरी येऊन अप्पांना बातमी द्यायचे, ‘तुमचं उदगीर जिल्हा होऊन राहिलंय म्हणे.’ अप्पा पेटीकडं बघत म्हणायचे, ‘होऊ द्या की. लातूरचा जिल्हा झाला तेव्हा मी पेढे वाटलेत. साहेब आले, कचेऱ्या आल्या, गाड्या आल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं.’ मग हळूच, ‘आता नव्या जिल्ह्याला पाणी कुठून आणतात बघू.’

अप्पांचा पाण्याचा एक कायदा होता, आणि तो काही एकट्या अप्पांचा नाही, आमच्या सगळ्या लातूरचा आहे. पाणी शिळं होतं. नळ आला की आधीचं उरलेलं पाणी फेकायचं, भांडी घासायची आणि ताजं भरायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे बघून चक्कर यायची बाकी होती. पाणी कसं शिळं होईल? भाकरी आहे का ती? पण सासूबाई गेल्या तरी कायदा राहिला. अप्पांच्या लिंगपूजेला तर कालचं पाणी अजिबात चालायचं नाही. त्या उन्हाळ्यात मात्र फेकणं बंद झालं. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला, फरशीचं संडासाला. शिळं हा शब्दच काही दिवस घरातून गेला. अप्पांना ते मनातून लागत असणार.

आणि मग रेल्वेनं आलेल्या पाण्याचा टँकर पहिल्यांदा आमच्या गल्लीत आला. मी आणि शहनाजभाभी घागरींच्या मागं, हे दुकानात. नितळ, गार पाणी, दवाखान्यासारखा वास येणारं. लोक ओंजळीत घेऊन बघत होते. भरलेल्या घागरी मी एकेक करून ओट्यावर ठेवत होते आणि अप्पा त्या आत नेत होते. मला वाटलं, मदत करतायत बिचारे.

शेवटची घागर घेऊन मी आत आले तर पुढची खोली उजळलेली. पडदा बाजूला. पेटी अशी स्वच्छ की काच आहे की नाही कळू नये. पांढरी खपली खरडून काढलेली, खडे घासलेले, पाणी नुसतं झळकत होतं. अप्पा ओल्या धोतरानं उभे. अजून आंघोळ नाही, पूजा नाही. म्हणाले, ‘किती दिवस शिळ्या पाण्यात ठेवलं बिचाऱ्यांना. पहिलं पाणी ह्यांना दिलं. आता माझ्या लिंगाला.’

मला एकदम भरून आलं. ज्या माणसानं आयुष्यभर ताज्या पाण्याचा पहिला तांब्या देवाला दिला, त्यानं तो माशांना दिला होता. मी वाकून नमस्कारच करणार होते, तेवढ्यात मला दिसलं की मासे वर आलेत. चारही. तोंडं पाण्याबाहेर काढून उघडमीट करतायत. काळा तर कलता होऊन पोहत होता.

मी नळी भरली. थेंब टाकले, हलवली, दारात धावले. आणि रंग आला पिवळा! हळदीसारखा पिवळाधमक, आजवर कधी आला नव्हता इतका. कागद म्हणतो, ह्याहून चांगलं पाणी नाही. पेटीत मासे मरतायत. मी वेड्यासारखी कागदाकडं बघते, माशांकडं बघते. शहाणपण नळीत की डोळ्यांत, काही सुधरेना. अप्पा विचारतायत, ‘काय झालं? काय झालं गं?’ आणि मला हे पण कळेना की लेकीला फोन करू की नको. केला तर तिला कळणार. नाही केला तर मासे मरणार.

केला. फोन स्पीकरवर टाकला. ती वर्गातून बाहेर येऊन बोलली. ‘आई, तो कागद वेगळ्या विषाचा आहे. ह्या पाण्यात क्लोरीन असणार, ते त्या नळीत दिसत नाही. जुनं पाणी कुठंय? फेकलं?’

मी अप्पांकडं बघितलं. अप्पा म्हणाले, ‘फेकतंय कोण ह्या दिवसांत? मोरीतल्या ड्रममध्ये काढून ठेवलंय, संडासाला.’

‘आणि फिल्टरचा स्पंज? तो कशानं धुतला?’

‘त्याच घाण पाण्यात,’ अप्पा अपराध्यासारखे म्हणाले. ‘नवं पाणी काय धुण्यात घालवू?’

फोनवर शिवानी हसली की रडली, मला सांगता येणार नाही. स्पंजातच चांगले जंतू असतात, तेच विष खातात, म्हणाली. नव्या पाण्यानं धुतला असता तर तेही मेले असते. ‘माशांना उचल आई, आधी जुन्यात टाक.’

मासे मी ड्रममध्ये सोडले, मग आम्ही ते नितळ पाणी बादलीत काढलं, ते गढूळ, हिरवट, वास मारणारं पाणी तांब्यातांब्यानं पेटीत परत भरलं आणि मासे पुन्हा आत सोडले. अप्पा माझ्याबरोबर खाली बसून तांबे देत होते. तिन्ही लाल मासे हळूहळू खाली उतरले, सरळ झाले. काळा गेला.

त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. ‘देवाला देतो तेच दिलं मी,’ एवढंच एकदा म्हणाले. माझ्या डोक्यात नुसता कालवा. स्वच्छ ते वाईट, घाण ते चांगलं, मारलं तेही अप्पांच्या मायेनं आणि वाचवलं तेही त्यांच्याच काटकसरीनं. रागवायचं तरी कुणावर? मला राग तर आला होता, भयंकर आला होता, पण तो ठेवायला जागा नव्हती. म्हणून मी तो ह्यांच्यावर काढला.

शनिवारी शिवानी आली. दोन दिवसांच्या सुट्टीला आणायची नाही एवढी मोठी बॅग घेऊन. पेटीसमोर बराच वेळ बसली. मग म्हणाली, ‘मी नाही जाणार परत.’ ह्यांनी खाली मान घातली. मी मात्र फाडफाड बोलले. फी, मार्क, लोक काय म्हणतील, सगळं. ती ऐकत होती आणि वाळलेल्या ओठांनी फक्त ‘नाही’ म्हणत होती. अप्पा मध्येच म्हणाले, ‘तिकडचं पाणी कसं लागतं गं तुला?’

‘चांगलं आहे अप्पा. मलाच मानवत नाही.’

अप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, ‘तू आलीस तेव्हा तुझ्या आईनं अर्धापूरच्या पाण्याची कळशी दिली होती संगं. हळूहळू मिसळून पी म्हणून.’

मला धक्काच बसला. त्या कळशीची आठवण मलाच उरली नव्हती. नवी नवरी मी, दारात कळशी ठेवली होती आणि सकाळी बघितलं तर रिकामी, घासून पालथी घातलेली.

‘शिळं म्हणून फेकलं आम्ही,’ अप्पा म्हणाले. ‘महिनाभर पोट धरून होतीस.’

सोमवारी सकाळी शिवानीला गाडीत बसवायला अप्पा स्टँडवर आले. हातात पाण्याचा कॅन. आमच्या बोअरचं तेच खारट, खपली धरणारं पाणी, ज्यावर शिवानी वाढली. आदल्या दिवशीच्या आपल्या वाट्यातून त्यांनी ते बाजूला काढलं होतं आणि सकाळी लिंगाला थेंबानंच पाणी वाहिलं होतं. नांदेडहून आलेल्या गाडीतून लोक पाण्याचे कॅन उतरवत होते, लातूरच्या लेकीबाळींसाठी, आणि आमचा म्हातारा नांदेडच्या गाडीत कॅन चढवत होता. कंडक्टर म्हणाला, ‘मामा, उलटं काय करून राहिले? लातूरहून नांदेडला पाणी?’ अख्खी गाडी हसली. शिवानीला लाज वाटली असणार, पण तिनं कॅन मांडीवर घेतला. अप्पा खिडकीशी जाऊन तिला सांगत होते, जे तिनंच मला माशांसाठी सांगितलं होतं, ‘आधी हे जास्त, ते कमी. मग ते जास्त, हे कमी. एकदम न्हाई.’ ती गेली. गेली एवढं खरं.

त्या पाण्यानं काही झालं का, मला माहीत नाही. डॉक्टरची औषधंही चालू होती. इस्लापूरची एक मुलगी त्याच सुमारास तिच्या खोलीत राहायला आली, तिची बडबड ऐकून मुडदा उठून बसेल अशी. मेसचा आचारीही बदलला म्हणे. ह्यातलं कशानं गुण आला? शिवानी आता पुण्यात नोकरी करते. तिला विचारलं तर म्हणते, ‘रोज एक झाकण मिसळायचे आई, संपेपर्यंत.’ पण हसत म्हणते, त्यामुळं खरं की खोटं ते कळत नाही. अप्पा गेले. मासेही एकेक करून म्हातारे होऊन गेले. पेटी गच्चीवर आहे, वापरलेलं पाणी साठवायला. परवा नळ आला तेव्हा गल्लीत पुन्हा लोकांनी जुनं पाणी मोरीत ओतलं, तो आवाज मी ऐकला. मी माझी भरलेली कळशी उचलली, मोरीपर्यंत नेली आणि परत आणून ठेवली. प्यायला धजत नाही, फेकायला धजत नाही.

तो कागद ह्यांनी घडी करून खिशात ठेवलाय. मी मात्र दिवसभर एका संध्याकाळपाशी अडकलेय. कॅन गेल्यानंतर काही दिवसांनीच. मी पेटीपाशी नळी हलवत उभी आणि शिवानीचा फोन आला. त्या इस्लापूरच्या मुलीचं काय काय, सहस्रकुंडच्या धबधब्याला जायचा बेत, मेसमध्ये पिठलं झालं होतं ते. बोलत राहिली, बोलत राहिली, आणि ‘ठेवते गं आई, हाका मारतायत’ म्हणून फोन ठेवला. मी हसत होते. मग एकदम लक्षात आलं, हिनं मासे विचारलेच नाहीत. ज्यासाठी आम्ही जीव टाकत होतो तेच झालं होतं. आणि माझे डोळे का भरले ते मला अजून सांगता येत नाही. नळीतला रंग तर दिसेचना, पोपटी की शेवाळी.

खुर्चीतून अप्पांनी विचारलं, ‘काय म्हणाली? मासे विचारले?’

‘विचारले की,’ मी म्हटलं. ‘आधी तेच विचारलं.’

अप्पांनी खुर्ची पुढं ओढली, पडदा वर केला आणि काचेला तोंड लावून म्हणाले, ‘ऐकलं का मीनु? पोरीनं विचारलंय तुम्हाला.’